पेडलबोर्ड बांधायला सुरुवात कुठून करायची

गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेडलं एका फळीवर बसवली की झाला पेडलबोर्ड. माझा पहिला पेडलबोर्ड एका रात्रीत तयार झाला होता. हाताशी सात पेडलं, एक फळी, वेल्क्रोचं रीळ आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. सगळं ओळीत चिकटवलं आणि समाधानाने झोपलो. कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याच्या सोलोला डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) दाबायला पाय टाकला, तर बुटाची कड शेजारच्या ट्यूनरवर, म्हणजे तारा सुरात लावायच्या पेडलवर पडली. ट्यूनर लागला की आवाज बंद. सोलोची पहिली ओळ मी अगदी मन लावून, संपूर्ण शांततेत वाजवली. ड्रमरने वळून पाहिलं ते अजून आठवतं.

त्या फळीवरचं एकही पेडल वाईट नव्हतं. मी सुरुवातच उलट्या टोकाने केली होती. हातात काय आहे ते आधी मांडलं आणि पाय कुठे जाणार याचा विचार स्टेजवर केला. तेव्हापासून मी बोर्ड बांधतो तो या क्रमाने: आधी गाणी आणि पाय, मग वीज, मग सिग्नल, आणि चिकटवणं अगदी शेवटी.

गाण्यांची यादी काढा

तुम्ही खरोखर वाजवता अशी दहा-बारा गाणी कागदावर लिहा. वाजवायची इच्छा आहे ती नकोत, वाजवता तीच. प्रत्येक गाण्यात आवाज कुठे बदलतो आणि त्या क्षणी कोणतं पेडल चालू किंवा बंद होतं ते पुढे लिहीत जा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण बोर्डाचा नकाशा याच कागदातून निघतो.

पेडलांचे तीन गट आपोआप दिसू लागतात. काही पेडलं सुरुवातीला लावली की शेवटपर्यंत चालूच राहतात. कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारा) किंवा हलका रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा देणारा) बहुतेकांचा असाच असतो. काही एका गाण्यात एकदाच लागतात आणि त्याआधी दोन-चार सेकंद मोकळे मिळतात. तिसरा गट त्रासाचा: गाता गाता, ओळीच्या मधोमध, नेमक्या ठोक्यावर दाबावी लागणारी पेडलं. पुढच्या रांगेवर हक्क या तिसऱ्या गटाचा. पहिला गट मागे, कोपऱ्यात, अगदी हाताने दाबावा लागेल अशा जागीही चालतो.

चौथाही एक गट निघतो, ज्यांचं नाव यादीत कुठेच आलेलं नसतं. ती पेडलं कपाटात ठेवा. विकू नका, पण बोर्डावरही नकोत. माझं एक फ्लँजर तीन वर्षं बोर्डावर प्रवास करत होतं आणि तेवढ्या काळात मी ते दोनदा दाबलं, त्यातलं एकदा चुकून.

एकाच ठोक्यावर दोन पेडलं बदलायची वेळ येते का तेही याच कागदावर दिसतं. ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारं पेडल) बंद आणि कोरस (आवाज दुहेरी, लहरता करणारं) चालू, असं काही. एका पायाने दोन्ही बटणं एकदम दाबता येतील अशी ती शेजारी ठेवता आली तर ठीक. असे प्रसंग पाच-सहा निघाले आणि प्रत्येकात तीन-तीन पेडलं असली, तर मात्र लूप स्विचरचा विचार करावा. त्यात प्रत्येक पेडल आपापल्या लूपमध्ये बसतं आणि एका बटणावर अख्खी जुळणी बदलते. पाच-सहा पेडलांच्या बोर्डाला त्याची गरज नसते, उगाच केबली दुप्पट होतात.

कागदी पेडलं आणि खरे बूट

आता जागेचा हिशेब. बॉस कंपनीचं नेहमीचं कॉम्पॅक्ट पेडल ७३ मिलिमीटर रुंद आणि १२९ मिलिमीटर खोल असतं. एमएक्सआरच्या धाटणीची लहान डबी साधारण ६० बाय ११२, तर मिनी पेडलं जेमतेम ३८ बाय ९३ च्या आसपास. आपल्या प्रत्येक पेडलाच्या मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर नाव लिहा आणि जॅक कुठे आहेत, वीज कुठून जाते, बटण कुठे आहे हे पेनाने दाखवा.

ही जॅकची खूण विसरली की पुढे घोडं अडतं. बाजूला जॅक असलेली दोन पेडलं शेजारी आली तर चपटे काटकोनी प्लग वापरूनही मध्ये दोन-तीन सेंटिमीटर जातात. सरळ प्लग असतील तर विचारूच नका. सहा पेडलांच्या रांगेत नुसत्या प्लगांनी पंधरा सेंटिमीटर खाल्लेले मी पाहिले आहेत. वरच्या कडेला जॅक असलेली पेडलं मात्र एकमेकांना खेटून बसतात.

बहुतेक सगळ्या पेडलांना इनपुट उजवीकडे आणि आउटपुट डावीकडे असतं. म्हणजे बोर्डावर सिग्नल उजवीकडून डावीकडे वाहतो. आपण वाचतो डावीकडून, त्यामुळे कागदावर क्रम लिहून तो तसाच्या तसा जमिनीवर मांडला की प्रत्येक पॅच केबल, म्हणजे दोन पेडलं जोडणारी छोटी केबल, पेडलाला वळसा घालून जाते. नकाशा काढतानाच उजवीकडून सुरुवात करा.

वाह (पाय पुढेमागे झुकवून आवाज ‘वाह-वाह’ करणारं पेडल) आणि व्हॉल्यूम पेडलवर पाय ठेवून उभं राहायचं असतं, म्हणून ती पुढच्या रांगेच्या टोकाला हवीत. वाह साखळीत सुरुवातीला येते, तेव्हा उजवं टोक तिला सोयीचं. मागची रांग पुढच्या रांगेपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर तरी उंच असू द्या, नाहीतर मागचं बटण दाबताना पुढच्या पेडलाचे नॉब फिरतात.

पुठ्ठे जमिनीवर मांडून झाले की गिटार गळ्यात अडकवा, स्टेजवर घालता तेच बूट घाला आणि यादीतली गाणी वाजवत पुठ्ठ्यांवर पाय टाका. घरात कोणी पाहिलं तर हसेल, हसू द्या. अनवाणी पायाला जी जागा पुरते ती बुटाला पुरत नाही, आणि मला हे ज्या पद्धतीने कळलं ते वर सांगितलंच आहे. बुटाच्या चवड्याची रुंदी मोजा. शेजारच्या दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर किमान तेवढं हवं.

वीज: इथे घाई नको

बोर्डावरच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे गुणगुण, शिट्टी, मध्येच मरणारा डिले, विजेपाशी येऊन थांबतात. तरी लोक सगळे पैसे पेडलांवर घालवतात आणि वीज मिळेल त्या अडॅप्टरवर भागवतात. माझं मत विचाराल तर दोन पेडलं कमी घ्या, पण सप्लाय चांगला घ्या.

प्रत्येक पेडलाबद्दल चार गोष्टी तपासायच्या असतात. त्या पेडलाच्या मागे, पोटावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेल्या असतात.

व्होल्टेज. बहुतेक पेडलं ९ व्होल्टवर चालतात. काहींना १२ किंवा १८ लागतात, काही ९ ते १८ मधलं काहीही घेतात. ९ व्होल्टच्या पेडलाला १८ दिले तर ते जळू शकतं, आणि जळालं की जळालं.

एसी की डीसी. नेहमीचा मामला डीसीचा असतो, पण अपवाद आहेत. लाइन सिक्सच्या हिरव्या डीएल-फोर डिलेची १९९९ सालची मूळ आवृत्ती ९ व्होल्ट एसीवर चालते. प्लग बसला म्हणजे वीज जुळली असं नाही.

पोलॅरिटी. प्लगच्या मधल्या छिद्राला ऋण आणि बाहेरच्या कडेला धन, ही पेडलांच्या जगातली रूढ पद्धत. घरातल्या इतर उपकरणांचे अडॅप्टर बरेचदा नेमके उलटे असतात, म्हणून सापडेल तो अडॅप्टर लावायचा मोह टाळा. पेडलावर वर्तुळाची छोटी आकृती असते, ती पाहा.

मिलिॲम्पिअर. पेडल किती करंट ओढतं तो आकडा. इथे नेहमी गोंधळ होतो: सप्लायची क्षमता पेडलाच्या गरजेपेक्षा जास्त असली तर काहीही बिघडत नाही, पेडल हवा तेवढाच करंट ओढतं. व्होल्ट मात्र जास्त चालत नाहीत.

साधं ॲनालॉग ओव्हरड्राइव्ह ५ ते २० मिलिॲम्पिअरमध्ये भागवतं. छोटा डिजिटल डिले ५० ते १०० च्या घरात जातो, आणि पडदा-बिडदा असलेली मोठी डिजिटल पेटी ३०० च्या आसपास किंवा त्याहूनही जास्त मागते. समजा ट्यूनर ३०, कॉम्प्रेसर १०, दोन ड्राइव्ह प्रत्येकी १०, कोरस २०, डिले ७० आणि रिव्हर्ब १०० असा बोर्ड आहे. बेरीज २५०. पण नुसती बेरीज पुरत नाही, प्रत्येक आउटलेटची मर्यादाही पाहावी लागते. १०० मिलिॲम्पिअरच्या आउटलेटवर १०० चा रिव्हर्ब म्हणजे काठोकाठ भरलेली बादली. पाव ते एक तृतीयांश क्षमता मोकळी राहील असा हिशेब धरा. करंट कमी पडला की डिजिटल पेडल बंद पडतंच असं नाही. कधी ते सुरूच होत नाही, कधी शिट्टी मारतं, कधी बटणाला दाद देत नाही, आणि आपण पेडल बिघडलं म्हणून ते दुरुस्तीला नेतो.

आता आयसोलेशन. एका अडॅप्टरला पाच तोंडांची डेझी चेन लावली की सगळ्या पेडलांची जमीन (ग्राउंड) दोन वाटांनी जोडली जाते, एक विजेच्या तारेतून आणि दुसरी पॅच केबलच्या जाळीतून. या वेटोळ्यात गुणगुण शिरते. शिवाय डिजिटल पेडलाच्या आतल्या घड्याळाचा (क्लॉक सर्किटचा) आवाज विजेच्या तारेतून शेजारच्या डिस्टॉर्शनमध्ये जातो आणि तिथे तो कित्येक पट मोठा होतो. आयसोलेटेड सप्लायमध्ये प्रत्येक आउटलेट आतून खरोखर वेगळं असतं. नुसती आठ तोंडं दिसतात म्हणून सप्लाय आयसोलेटेड ठरत नाही, आत सगळी एकाच तारेला जोडलेली असू शकतात. माहितीपत्रकात प्रत्येक आउटलेट वेगळं आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

तीन-चार ॲनालॉग पेडलं असतील तर डेझी चेन बिनधास्त वापरा, बहुधा काही होणार नाही. पण जुन्या पद्धतीच्या, जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझला (आवाज खरखरीत फाडणाऱ्या पेडलाला) तिच्यावर कधीही चढवू नका. त्यांतल्या बऱ्याच फझमध्ये धन बाजू जमिनीला जोडलेली असते. बाकीच्यांची ऋण बाजू जमिनीला, याची धन, आणि मध्ये पॅच केबलची जाळी: सप्लाय सरळ शॉर्ट होतो. अशा फझला स्वतंत्र आयसोलेटेड आउटलेट आणि उलट्या पोलॅरिटीची केबल द्या, नाहीतर सरळ बॅटरी घाला. फझ इतकी कमी वीज खातो की बॅटरी महिनोन्‌महिने चालते, मात्र वाजवून झाल्यावर इनपुटमधला प्लग काढून ठेवायची सवय हवी.

सप्लाय बोर्डाच्या पोटात बसवा, पण वाहच्या खाली नको. वाहमध्ये एक इंडक्टर असतो, म्हणजे तारेचं वेटोळंच, आणि ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तो आनंदाने झेलतो. सप्लाय हातात धरून बोर्डाखाली इकडेतिकडे फिरवा, ॲम्प चालू ठेवा, कुठे सगळ्यात शांत आहे ते कान सांगतील.

आणि गुणगुण घालवण्यासाठी मेन्सच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकू नका. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, आणि ओठ माइकला लागलेले असतात. अर्थिंग तुटलं तर शॉक बसण्याचा मार्ग तुमच्या शरीरातून जातो.

क्रम: कोण कोणाच्या आधी

रूढ साखळी अशी: गिटार, ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन, मग आवाजाला लाटा देणारी कोरस-फेजर मंडळी, मग व्हॉल्यूम पेडल, डिले, रिव्हर्ब आणि शेवटी लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारं पेडल). पाठ करण्यापेक्षा यामागचं कारण समजून घ्या, कारण ते समजलं की क्रम मोडताही येतो.

डिस्टॉर्शन समोर येईल तो सिग्नल कापतं आणि त्यातून नवे सूर काढतं. त्याच्यासमोर स्वच्छ एकच स्वर आला तर तो रसरशीत होतो. त्याच्यासमोर डिलेचे चार प्रतिध्वनी एकात एक मिसळून आले तर ते सगळे मिळून कापले जातात आणि चिखल होतो. हळू होत जाणारे प्रतिध्वनी हळू होतच नाहीत, कारण डिस्टॉर्शन त्यांना पुन्हा वर उचलतं. म्हणून डिले नंतर. उलट तो चिखलच हवा असेल, गिटारचं धुकं करायचं असेल, तर रिव्हर्ब खुशाल फझच्या आधी घाला.

ऑक्टेव्ह आणि पिचची पेडलं सुरुवातीला ठेवतात, कारण त्यांना स्वर ओळखायचा असतो आणि कापलेल्या सिग्नलपेक्षा स्वच्छ सिग्नलमध्ये तो लवकर सापडतो. कॉम्प्रेसर डिस्टॉर्शननंतर ठेवला तर तो आधीच दबलेल्या आवाजाला आणखी दाबतो आणि मधल्या शांततेतली खरखर उचलून वर आणतो.

फझचं प्रकरण वेगळं आहे. १९६६ साली आलेला फझ फेस आणि त्याच्या वंशातले फझ यांचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) फार कमी असतो, ते थेट पिकअपशी, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाशी बोलतात. मध्ये बफर (सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट) आला, आणि तो तुमच्या ट्यूनरमध्ये दडलेला असू शकतो, तर आवाज कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर येणारी ती सुंदर, जवळजवळ स्वच्छ छटा निघून जाते. अशा फझला साखळीत पहिलं स्थान द्या, ट्यूनरच्याही आधी. वाह आणि फझ दोन्ही असतील तर दोन्ही क्रम वाजवून पाहा. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स वाह आधी, मग फझ, मग युनि-व्हाइब (फेजरसारखं पेडल) असं वाजवायचा. पण काही वाह आणि फझ या क्रमाने एकमेकांना सहन करत नाहीत, वाहची झेप मरून जाते.

दोन ड्राइव्ह एकावर एक चढवायचे असतील तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. डिस्टॉर्शनच्या आधी बूस्ट दिला तर घाण, म्हणजे आवाजाचं फाटलेपण वाढतं, आवाजाची पातळी फारशी नाही. नंतर दिला तर पातळी वाढते, घाण तेवढीच राहते. सोलोला वर यायचं असेल तर नंतरचा बूस्ट हवा, आणि या एका चुकीमुळे कितीतरी सोलो बँडच्या आवाजात बुडतात. ट्यूब स्क्रीमरसारखं ओव्हरड्राइव्ह पेडल आधी ठेवून ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर, ही जुनी युक्ती आहे. त्याचा उठाव ७२० हर्ट्झच्या आसपास असतो आणि खालचा बास तो कमी करतो, त्यामुळे पुढचं डिस्टॉर्शन घट्ट वाटतं.

फेजर डिस्टॉर्शननंतर ठेवला तर त्याची लाट ठळक ऐकू येते. आधी ठेवला तर ती आवाजाच्या आत मुरते. गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा फेज ९० हा फेजर कापणाऱ्या मार्शल ॲम्पच्या आधीच होता. मला स्वतःला आधीची जागा आवडते; कोरस मात्र नेहमी नंतर.

व्हॉल्यूम पेडल ड्राइव्हच्या आधी असेल तर ते गिटारच्या नॉबसारखं वागतं, घाण कमीजास्त करतं. ड्राइव्हनंतर आणि डिलेच्या आधी असेल तर पाय उचलल्यावरही डिलेची शेपूट वाजत राहते. पॅसिव्ह व्हॉल्यूम पेडल घेताना इम्पिडन्स पाहा: थेट गिटारनंतर ठेवायचं असेल तर २५० किलोओहम, बफर किंवा चालू पेडलांनंतर ठेवायचं असेल तर २५ किलोओहम.

डिस्टॉर्शन ॲम्पचंच वापरत असाल तर हे सगळं गणित बदलतं, कारण आता कापणारा भाग ॲम्पच्या आत आहे. डिले आणि रिव्हर्ब ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये घाला: सेंडमधून पेडलात, पेडलातून रिटर्नमध्ये. गिटारपासून बोर्डापर्यंत एक आणि बोर्ड व ॲम्प यांच्यात तीन, अशा चार केबली लागतात, म्हणून याला फोर केबल मेथड म्हणतात. लूपची पातळी लाइन लेव्हलची, म्हणजे गिटारपेक्षा बरीच जोरकस असेल तर गिटारच्या पातळीसाठी बनलेल्या पेडलाचा आवाज तिथे फाटू शकतो. ॲम्पच्या मागे पातळी कमी करायचं बटण आहे का ते पाहा.

केबल आणि बफर

सगळी पेडलं बंद असताना बोर्डातून येणारा आवाज थेट केबलपेक्षा मंद, कोंदट वाटतो का? तपासायला एक मिनिट लागतं: एकदा थेट ॲम्पमध्ये, एकदा बोर्डातून.

कारण केबलची कपॅसिटन्स. साधारण केबल मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. ट्रू बायपास पेडल बंद असताना नुसता तारेचा तुकडा असतो, म्हणजे गिटारची केबल, सगळ्या पॅच केबली आणि ॲम्पपर्यंतची केबल यांची बेरीज पिकअपला एकट्याने ढकलावी लागते. सिंगल कॉइल पिकअपचं इंडक्टन्स २.५ हेन्री धरलं तर ६ मीटर केबलला, म्हणजे ६०० पिकोफॅरडला, त्याचं रेझोनन्स ४,००० हर्ट्झच्या आसपास येतं. केबल १५ मीटर केली की ते २,६०० च्या जवळ घसरतं. ती हरवलेली चमक इथे गेलेली असते.

बफर पिकअपसमोर १ मेगाओहमच्या आसपास इम्पिडन्स ठेवतो आणि पुढे लांब केबल सहज ढकलतो. बॉसच्या कॉम्पॅक्ट पेडलांमध्ये तो असतोच. एक बफर सुरुवातीला (फझ असेल तर फझनंतर) आणि मोठा बोर्ड असेल तर एक शेवटी, एवढं पुरतं. ट्रू बायपास चांगलं आणि बफर वाईट असा एक समज आहे. दहा पेडलं आणि लांब केबली असलेल्या माणसाने तो मनातून काढून टाकावा.

पॅच केबली तयार मिळतात आणि स्वतःही करता येतात. सोल्डर न लागणारे प्लग झटपट लागतात, पण केबल काटकोनात, स्वच्छ कापली नाही तर बोर्ड वाहून नेताना हमखास सैल होतात. सोल्डरिंग येत असेल तर तेच करा. लांबी मोजताना दोन-तीन सेंटिमीटर जास्त धरा, ताणलेली केबल जॅकवर भार टाकते. केबल झाली की मल्टिमीटर लावून टोक ते टोक, कड ते कड तपासा आणि टोक व कड यांच्यात शॉर्ट नाही हेही पाहा. तपासताना केबल हलवत राहा. सिग्नलच्या आणि विजेच्या केबली एकाच जुडग्यात बांधू नका. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

चिकटवण्याआधी एक आठवडा

सगळं बोर्डावर नुसतं मांडा, जोडा आणि आठवडाभर असंच वाजवा. एक तरी पेडल जागा बदलेल, मी पैजेवर सांगतो.

बोर्ड स्वतः बनवणार असाल तर आडव्या पट्ट्यांचा करा, पट्ट्यांमध्ये तीन-चार सेंटिमीटर फट, म्हणजे केबली खाली उतरतात. १२ मिलिमीटरचा प्लायवूड पुरतो. ३० सेंटिमीटर खोलीच्या बोर्डाची मागची बाजू ६ ते ८ सेंटिमीटर उचलली की उतार पायाला बरा पडतो, पण आधी सप्लायची उंची मोजा. बोर्ड पूर्ण झाल्यावर सप्लाय खाली मावत नाही हे कळण्यासारखं दुःख नाही.

पेडलाचं पोट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबराचं आवरण असेल तर काढून जपून ठेवा. सीरिअल नंबरच्या पट्टीवर मात्र थेट चिकटवू नका. वेल्क्रोची मऊ बाजू बोर्डाला, खरखरीत पेडलाला. दाबून लावा आणि एक दिवस तसंच राहू द्या, गोंद धरायला वेळ लागतो. पुढे काढायची वेळ आली तर हेअर ड्रायरची ऊब द्या, गोंद सुटतो. वेल्क्रो नको असेल तर सायकलच्या चेनच्या कड्या पेडलाच्या तळाच्या स्क्रूखाली अडकवून त्या बोर्डाला स्क्रूने बसवतात. दिसायला ओबडधोबड, पण पेडल हलत नाही.

मग पातळ्या जुळवा. प्रत्येक पेडल एकेकटं चालू-बंद करून पाहा. सोलोचा बूस्ट सोडला तर चालू केल्यावर आवाज अचानक मोठा किंवा लहान व्हायला नको. हे काम बँडच्या आवाजात करायचं. घरात हळू आवाजात जुळवलेलं डिस्टॉर्शन स्टेजवर बहुतेक वेळा जास्त घाण आणि कमी मध्य असलेलं निघतं. जमलेल्या जागा नॉबवर खडूने किंवा टेपच्या तुकड्याने दाखवून ठेवा आणि फोटो काढा, बोर्डाच्या पोटाचाही.

आवाज येतोय, पण नको तो

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. गुणगुण गेली तर ती पिकअपमधून येत होती, बोर्डाचा दोष नाही. राहिली तर साखळी अर्ध्यात तोडा: मधल्या पेडलाचं आउटपुट थेट ॲम्पला द्या. आवाज अजून येतो तर दोष आधीच्या अर्ध्यात, नाहीतर नंतरच्या. तो अर्धा पुन्हा अर्ध्यात. आठ पेडलांमध्ये तीन फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. एकेक केबल उपटत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आवाजाचा पोतही सांगतो. सखल, संथ गुणगुण बहुधा जमिनीचं वेटोळं किंवा ट्रान्सफॉर्मर. बारीक शिट्टी डिजिटल पेडलाची वीज. केबल हलवल्यावर होणारी खरखर प्लगची. ट्रू बायपास पेडल पहिल्यांदा दाबल्यावर होणारा टक्‌ असा आवाज आतल्या कपॅसिटरवर साठलेल्या विजेचा असू शकतो. वाजवण्याआधी प्रत्येक पेडल एकदा दाबून घेतलं तर बरेचदा पुन्हा होत नाही.

बोर्डाच्या पिशवीत दोन जादा पॅच केबली, एक विजेची केबल, एक ९ व्होल्टची बॅटरी, लहान स्क्रूड्रायव्हर आणि चिकटपट्टी ठेवा. आणि घरी एकदा याची तालीम करा: गाणं चालू असताना बोर्ड मेला असं धरा, गिटारची केबल बोर्डातून उपटा, ॲम्पकडे जाणाऱ्या केबलचा प्लग ॲम्पमधून काढा आणि गिटारची केबल तिथे खुपसा. आधी ॲम्पचा व्हॉल्यूम कमी, प्लग बसल्यावर वर. पहिल्या खेपेला मला अर्धा मिनिट लागला होता, कारण केबल ॲम्पपर्यंत पोहोचतच नव्हती. आता मी गिटारची केबल दोन मीटर जादा ठेवतो.